रेला आणि तबकडी

भामरागडापाशीं इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांचा संगम होतो. त्या रानांतील माडिया गोंडांचें गाणें व नाच एकच. त्यास ‘रेला’ म्हणतात. हात गुंफून फेर धरावयाचा आणि ‘रेला’ हें पालुपद घोळवीत राहावयाचें.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. पण रानांतलें गाणें प्रथम कागदावर आलें. १९३५ सालीं व्हेरिअर एल्विन व शामराव हिवाळे यांनीं गोंडी गीतांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांत अर्थ आला, चाल आली नाहीं.

तबकडीचीहि अडचण होती. तिची एक बाजू सुमारें तीन मिनिटें वाजे. रेला तर रात्र सरेपर्यंत चालतो. १९४८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या नव्या तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन मावूं लागलें. पुढें १९६० नंतर विलायतेंतील तरुणांनीं जुनीं लोकगीतें विजेवांचून वाजणाऱ्या वाद्यांवर विस्तारानें गाइलीं. त्या संग्रहांची गोडी या निवांतपणांत आहे.

रेलालाहि असा निवांतपणा हवा. परंतु त्यांत निव्वळ श्रोता कोणी नसतो. आलेला माणूस फेरांत शिरतो. मुद्रणानें आवाज राहील. फेर मात्र माडिया बोलणाऱ्या मुलांनींच राखावयाचा आहे.