काडी होती की नव्हती?

मराठीत 'लग्न मोडलं' हे शब्द ढिले आहेत. बोलणी फिसकटली तरी लग्न मोडतं आणि दहा वर्षं नांदून नवरा-बायको वेगळे झाले तरी मोडतंच. 'काडीमोड' मात्र नेमका शब्द आहे, कारण मोडायला आधी काडी हवी. कॅथलिक शिकवणुकीतला वादही याच काडीचा आहे. घटस्फोट म्हणजे असलेली काडी मोडणं. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं विधिवत झालेलं आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं लग्न कुणीच मोडू शकत नाही, पोपही नाही. लग्न रद्दबातल ठरवणं वेगळं. तिथे चर्चचं न्यायासन काही मोडत नाही. लग्नाच्या दिवशी खरी संमती नव्हती, किंवा आड येणारी बाब होती, म्हणून काडी मुळात नव्हतीच, एवढंच ते सांगतं.

हा पाद्र्यांचा शब्दच्छल म्हणावा, तर जबलपूरच्या कोर्टांचा इतिहास आड येतो. इथल्या ख्रिस्ती जोडप्यांना लागू झालेला १८६९ चा घटस्फोट कायदा काही कॅथलिकांनी लिहिलेला नव्हता. तरी त्यात घटस्फोट कलम १० मध्ये आहे आणि रद्दबातल विवाह १८-१९ मध्ये, निराळा: लग्नाच्या वेळी वेड असणं, पहिला जोडीदार हयात असून ते लग्न कायम असणं, जवळचं नातं, नपुंसकत्व. बळजबरी वा फसवणुकीने घेतलेल्या संमतीचाही त्यात उल्लेख आहे. शिवाय दोन्ही प्रकारांत जिल्हा न्यायाधीशाचा निकाल हायकोर्टाने कायम करावा लागे. १९३६ पासून हे काम नागपूर हायकोर्टाकडे होतं, १ नोव्हेंबर १९५६ नंतर जबलपुरातच आलं. एका न्यायाधीशावर भिस्त न ठेवण्याची हीच सावधगिरी रोमने १७४१ मध्ये घेतली होती. पोप चौदाव्या बेनेडिक्टने रद्दबातल ठरवण्यासाठी दोन न्यायासनांचे एकसारखे निकाल सक्तीचे केले आणि विवाहबंधनाच्या बाजूने भांडणारा एक रक्षक नेमला. सरकारने आपली अट २००१ मध्ये काढली, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये. रक्षक मात्र अजून आहे.

आणि 'हा तर मागच्या दाराने घटस्फोट' या आक्षेपाला खरं उत्तर हा रक्षकच देतो. २००१ नंतर दिवाणी कोर्टात, ठरलेली मुदत वेगळं राहिल्यावर, परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो. दोघं 'नको' म्हणाले की कारण उगाळावं लागत नाही. धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे रक्षक उभा असतो, त्यामुळे दोघांनी एका सुरात सांगूनही भागत नाही. मुलीला दरडावून उभं केलं होतं का, मूल नकोच हे नवऱ्याने मनात धरलं होतं का, याचा पुरावा लागतो आणि तो पोहोचायला हवा लग्नाच्या दिवसापर्यंत. आक्षेपात अगदीच तथ्य नाही असं मात्र नाही. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतला १०९५ वा नियम मानसिक असमर्थतेचा आहे. ती असमर्थता संसारातल्या पुढच्या वागण्यावरून मागे ताडावी लागते, आणि तिथे 'नंतर बिघडलं' व 'आधीच नव्हतं' यांतली रेघ पुसट होते. पण पुसट रेघ म्हणजे रेघच नाही, असं होत नाही. दुसरी भीती मुलांची: लग्नच नव्हतं तर मुलं अनौरस? धर्मसंहिता निदान एका जोडीदाराने प्रामाणिकपणे मानलेल्या लग्नातली मुलं औरसच धरते.

खरी अडचण वेगळीच आहे. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात स्पष्ट केलं की चर्चच्या निकालाने दिवाणी कायद्यातलं लग्न संपत नाही. म्हणजे १९५४ मध्ये धर्मप्रांत झालेल्या जबलपुरातल्या कॅथलिकाला दोन उंबरे झिजवावे लागतात. बिशपच्या न्यायासनापुढे लग्न झालंच नव्हतं म्हणायचं आणि बहुधा त्याच लग्नाचा घटस्फोट कोर्टात मागायचा. गोव्यात १९४६ च्या पोर्तुगीज हुकुमाने चर्चचा निकाल हायकोर्टामार्फत अमलात आणायची सोय केली होती आणि मुक्तीनंतरही ती अनेक वर्षं चालली. एकाच देशात एकाच धर्मसंहितेचा निकाल मांडवीकाठी चालत होता आणि नर्मदाकाठी चालत नव्हता, हे पटण्यासारखं नव्हतं. चर्चच्या दप्तरात मात्र दोन्हीकडे एकच रीत आहे. निकाल लागल्यावर विवाहाच्या नोंदवहीत आणि बाप्तिस्म्याच्या वहीत त्याची नोंद करतात. जुनी ओळ खोडत नाहीत. न झालेल्या लग्नाची तारीख, साक्षीदारांच्या नावांसकट, तशीच राहते.