जुनी आलिशान गाडी घेण्यापूर्वी

रायपूर : नव्या रेंज रोव्हरची किंमत कोटींच्या घरात असली, तरी जुनी गाडी तिच्या अल्पशा किमतीत मिळू शकते. मात्र गाडीचे मूल्य उतरले, तरी दुरुस्तीचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही.

२००२ ते २०१२ या काळातील रेंज रोव्हरमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन आहे. त्यातील रबरी पिशव्या कालांतराने भेगाळतात, हवा गळते आणि दाब टिकवण्यासाठी सतत चालावे लागल्याने कॉम्प्रेसर निकामी होतो. त्यामुळे गाडी रात्रभर उभी ठेवून पाहावी; सकाळी एखादा कोपरा खचलेला आढळल्यास गळतीची शक्यता असते. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. त्यामुळे कूलंटची गळती आहे का, हेही तपासावे.

कागदपत्रे तितकीच महत्त्वाची आहेत. परराज्यातील गाडीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरण कळवणे बंधनकारक आहे. गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ राज्यात राहिल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. रायपूरच्या क्रमांकाची सुरुवात ‘सीजी ०४’ अशी होते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, नंतर तपासणी करून नूतनीकरण करावे लागते.

विक्रेत्यानेही दक्ष राहावे. नोंदणीत नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.