ठेका संपला की नवा ठेकेदार कसा ठरतो? १०८ च्या उदाहरणावरून समजून घ्या

रिहे (ता. मुळशी) : रात्री कुणाला साप चावला, बाई अडली, की आपण १०८ लावतो. सेवा सरकारची, पण ती चालवणारी कंपनी ठेक्यावरची.

राज्यात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. ठेका बीव्हीजी कंपनीकडे, मुदत ५ वर्षे, गाड्या ९३७. मुदत संपली तरी नवी निविदा वेळेत झाली नाही, जुन्यालाच मुदतवाढ मिळत गेली. २०२४ मध्ये सुमीत फॅसिलिटीज, स्पेनची एसएसजी आणि बीव्हीजी यांच्या समूहाला १० वर्षांचा ठेका मिळाला. त्यात गाड्या ठरल्या १,७५६.

निविदा कशी होते?
१. जाहिरात महाटेंडर्स पोर्टलवर निघते. ती कुणालाही बघता येते.
२. कंपन्या बयाणा रक्कम भरून दोन लिफाफे ऑनलाइन देतात, एक तांत्रिक, दुसरा दराचा.
३. तांत्रिक तपासणीत जो पास, त्याचाच दर उघडतात. साधारणपणे कमी दरवाल्याला काम मिळते.
४. मग अनामत, करारनामा आणि कार्यादेश.

आपण काय बघायचे?
करारनाम्यात मुदत, कामाच्या अटी आणि दंड लिहिलेला असतो. माहिती अधिकारात १० रुपये भरून त्याची प्रत मागता येते, उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

ग्रामपंचायतीने कुठले काम ठेक्यावर दिले असेल, तर ग्रामसभेत एवढेच विचारा : मुदत कधी संपते, आणि नवी निविदा कधी काढणार? मुदत संपल्यावर विचारून उपयोग नाही, तोवर मुदतवाढ झालेली असते.