तबकडीवरील अक्षरे

दिल्लीला नवी परिभाषा अपूर्व नाही. दरबारची फारसी, छावणीची उर्दू, सचिवालयाची इंग्रजी अशा एकीमागून एक भाषा ह्या शहराने पत्करल्या आणि पचविल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस तीत आणखी एका बोलीची भर पडली. ती कोणा पंडिताने घडविली नव्हती. ती पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापून आली. लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केट, कनॉट प्लेसच्या पोटातील पालिका बाजार आणि दक्षिणेकडील नेहरू प्लेस ही तिची विद्यापीठे. व्हीसीडी, डीव्हीडी, पाल, एनटीएससी, एमपेग, डॉल्बी, फाइव्ह पॉइंट वन हे शब्द तेथील विक्रेत्यांच्या तोंडी मंत्रांसारखे खेळत. गिऱ्हाईक मान डोलावी, पैसे मोजी आणि तबकड्यांचे यंत्र घरी नेई. मंत्राचा अर्थ विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. परंतु ह्यातील प्रत्येक शब्दामागे कोणी तरी केलेली एक तडजोड आहे, आणि ती तडजोड ठाऊक नसल्यामुळे अनेक घरांना नकळत काही गमवावे लागले आहे.

ह्या कथेचा आरंभ १९८२ साली होतो. दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ पासून होती. पण तिला रंग लाभला तो १९८२ मध्ये, नोव्हेंबरातील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने. भारताने त्यासाठी 'पाल' ही युरोपीय पद्धती स्वीकारली. तीत चित्र ६२५ रेषांचे असते आणि सेकंदास २५ चित्रे पडद्यावर उतरतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जपानमध्ये फिलिप्स आणि सोनी ह्यांनी मिळून सिद्ध केलेली कॉम्पॅक्ट डिस्क प्रथम बाजारात आली. दिल्लीतील रंग आणि जपानमधील तबकडी ह्यांचा परस्परांशी तेव्हा काही संबंध नव्हता. पुढे दहा-पंधरा वर्षांनी घरोघरीच्या बैठकीच्या खोलीत त्यांची गाठ पडली.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर नादाची प्रतिमाच कोरलेली असे. स्वर थरथरला की खाच थरथरे. नव्या तबकडीवर प्रतिमा नाही, मोजदाद आहे. नादाची उंची क्षणाक्षणाला मोजावयाची आणि ते आकडे लिहून ठेवावयाचे, हा 'डिजिटल' शब्दाचा सरळ अर्थ होय. सेकंदात किती वेळा मोजावयाचे? मानवी कान सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकतो, आणि कोणताही नाद पुन्हा यथातथ्य उभा करावयाचा तर त्याच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा तो मोजावा लागतो, असे गणित सांगते. म्हणजे चाळीस हजारांहून थोडे अधिक पुरे. प्रत्यक्षात आकडा ठरला ४४,१००. हा विचित्र आकडा कोठून आला? त्या काळी एवढे अंक साठविण्यास सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओची फीत. पाल पद्धतीच्या फितीवर चित्राच्या एकेका रेषेत तीन मापे, दर अर्धचित्रात अशा २९४ रेषा आणि सेकंदाला ५० अर्धचित्रे, ह्यांचा गुणाकार ४४,१०० होतो. अमेरिकी पद्धतीत २४५ रेषा आणि ६० अर्धचित्रे घेतली तरी उत्तर तेच. संगीताचे हे जगन्मान्य माप असे अर्धे कानावरून आणि अर्धे फितीवरून ठरले आहे.

प्रत्येक माप सोळा अंकस्थानांनी, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीने नोंदले जाते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा हिशेब धरला तर सेकंदाला चौदा लाख अकरा हजार दोनशे अंक होतात. बारा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर, एकमेकींपासून मिलिमीटरच्या सहाशेव्या हिश्शाइतक्या अंतरावर असलेल्या वेढ्यांत ते बसविलेले असतात. हा वेढा उलगडला तर त्याची लांबी पाच किलोमीटरांच्या घरात जाईल. लाल किल्ल्यापासून इंडिया गेट साधारण तेवढेच दूर आहे. शिवाय वाचन आतून बाहेर चालते, ग्रामोफोनच्या उलट. अंक लिहिताना ते मुद्दाम विखरून लिहिलेले असतात, आणि त्यांच्याबरोबर पडताळ्याचे अंकही असतात. त्यामुळे वेढ्यातील दोन-अडीच मिलिमीटरांचा मजकूर नाहीसा झाला तरी यंत्र तो हिशेबाने भरून काढते. म्हणूनच तबकडी मध्यापासून कडेकडे पुसावी. आडवा ओरखडा वेढ्याला क्षणभर छेदून जातो. वेढ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग मजकूर खातो. जुन्या सवयीने गोल गोल पुसणाऱ्यांनी आपल्या हातांनी कित्येक तबकड्या निकामी केल्या.

ह्याच चकतीवर चित्रपट बसवावा, ही १९९३ सालची व्हिडिओ सीडीची कल्पना. जागा तेवढीच आणि वेळही तेवढाच, चौऱ्याहत्तर मिनिटांचा. साऱ्या चित्राला सेकंदाकाठी साडेअकरा लाख अंकच मिळाले, म्हणजे निव्वळ संगीताला पूर्वी मिळत होते त्याहूनही कमी. हे जमविले ते 'एमपेग' ह्या संक्षेपाच्या रीतीने. तिचे तत्त्व काटकसरी गृहिणीचे आहे: जे बदलले नाही ते पुन्हा लिहावयाचे नाही. निवेदक स्थिर बसून बोलत असेल तर फक्त ओठांची हालचाल नोंदावी, मागची भिंत नको. चित्राचे ठिपकेही ३५२ गुणिले २८८ इतकेच, पालच्या पूर्ण चित्राच्या सुमारे चौथाई. स्थिर दृश्यांत हे खपून जाते. पण फटाके, पाऊस, नाचणारी गर्दी आली की बदलच बदल होतात, अंक अपुरे पडतात आणि पडद्यावर चौकोन उमटतात. दिल्लीच्या लग्नातील वरातीचे चित्रण ह्याहून कठीण पदार्थ यंत्रापुढे ठेवणे अवघड! आणि नेमक्या त्या वराती हजारोंनी व्हीसीडीवर उतरविण्यात आल्या. व्हीएचएसच्या फिती 'डिजिटल' झाल्या म्हणून कुटुंबे आनंदली, आणि पुष्कळांनी मूळ फिती टाकून दिल्या. 'डिजिटल' म्हणजे उत्तम असा अर्थ त्यांनी घेतला होता. शब्दाचा अर्थ फक्त 'मोजून लिहिलेले' एवढाच होता. किती बारकाईने मोजले, हे त्या शब्दात नाही.

जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस डीव्हीडी आली. लेसरचा किरण अधिक सूक्ष्म झाला, वेढे जवळ आले आणि एका थरावर ४.७ अब्ज अक्षरांक मावू लागले. दुसरा थर असल्यास साडेआठ अब्ज. (संगणक हीच जागा ४.३८ दाखवितो, कारण तो हजाराऐवजी १,०२४ ने मोजतो. त्यावरून नेहरू प्लेसमध्ये फसवणुकीचे आरोप होत असतील तर ते व्यर्थ होत.) चित्र आता ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे झाले. परंतु येथेही पाटी आणि माल ह्यांत अंतर पडू शकते. एका थरावर उत्तम प्रतीचे चित्र सुमारे सव्वादोन तास राहते. हिंदी चित्रपट तीन तासांचा. पालिका बाजारात एकाच तबकडीवर तीन-तीन चित्रपट मिळत, तेव्हा डीव्हीडीच्या नावाखाली काय विकले जात होते हे भागाकाराने कळण्यासारखे होते.

'फाइव्ह पॉइंट वन' म्हणजे पाच दिशांचे पाच कर्णे आणि केवळ खर्जातील गडगडाटासाठी सहावा. हा शब्द प्रामाणिक आहे. त्याच खोक्यावरील 'पीएमपीओ' हा मात्र नव्हे. कोणत्याही प्रमाणित रीतीने न मोजलेल्या, क्षणभराच्या काल्पनिक शक्तीचा तो आकडा. हातात मावणाऱ्या कर्ण्यांवरही तो हजार वॅट लिहिलेला असे. इतका निर्लज्ज शब्द ह्या परिभाषेत दुसरा नाही.

पाल आणि एनटीएससी ह्यांचा भेद संगीतप्रेमींनी तरी जाणावयास हवा होता. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी टिपला जातो. पालमध्ये तो २५ नी धावतो. तीन तासांचा चित्रपट त्यामुळे सात मिनिटे आधी संपतो, ह्याचे कोणाला दुःख नाही. परंतु वेगाबरोबर स्वरही चढतो. ही चढण दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या दोन-तृतीयांशाहून थोडी अधिक असते. गायिकेचा षड्ज आपल्या जागेवरून हलतो, आणि पेटी घेऊन बरोबर वाजवू पाहणाऱ्याला ना ही पट्टी जुळते ना ती. परदेशस्थ भारतीयांसाठी काढलेल्या पुष्कळ हिंदी डीव्हीडी एनटीएससीच्या होत्या, त्यांत हा दोष नव्हता. दिल्लीचे गिऱ्हाईक मात्र 'आपली पद्धत पाल' म्हणून त्या परत ठेवी.

ह्या तबकड्या मोठ्या संख्येने घडत होत्या त्या दिल्लीच्याच उंबरठ्यावर. मोझर बेअर ही कंपनी १९८३ साली वेळनोंदीची यंत्रे करण्यासाठी निघाली. १९८८ मध्ये ती फ्लॉपीकडे वळली आणि पुढे नोएडा व ग्रेटर नोएडा येथील कारखान्यांतून कोऱ्या सीडी व डीव्हीडी जगभर पाठविणाऱ्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. २००७ च्या सुमारास तिने चित्रपटांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढली. चोरट्या मालाच्या भावात अस्सल माल! हे शक्य होते, कारण तबकडी लिहिली जात नाही, छापली जाते: निकेलच्या साच्यावर वितळलेले पॉलिकार्बोनेट दाबले की काही सेकंदांत तबकडी तयार. खर्च वस्तूचा नव्हता, हक्काचा होता. त्यापुढे पाच-सात वर्षांत लोक तबकडी सोडून फोनकडे वळले, आणि २०१८ मध्ये कंपनीच्या विसर्जनाचा आदेश झाला. नव्या संगणकांतून तबकडीचा कप्पा तोपर्यंत नाहीसा होऊ लागला होता.

फिरोजशाह कोटल्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात तो टोपऱ्याहून आणविला, पण त्यावर काय लिहिले आहे हे त्याच्या पदरी कोणालाही वाचता आले नाही. लिपी उलगडली १८३७ मध्ये. दगड तोवर थांबला. लग्नाची तबकडी थांबणारी नाही. कारखान्यात छापलेल्या तबकडीत खळगे असतात, ते टिकतात. घरी किंवा छायाचित्रकाराकडे भरलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो, आणि ऊन, उष्णता व दमटपणा ह्यांनी तो विटतो. दिल्लीचा जून महिना गच्चीखालच्या खोलीत त्यास कसा असेल, हे सांगणे नको. सीडीचा मजकूर चकाकणाऱ्या पृष्ठाखाली खोल नसून नावाच्या बाजूस, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. ज्यांनी त्या बाजूवर टोकदार लेखणीने वधूवरांची नावे लिहिली, त्यांनी नेमका नको तेथे हात चालविला. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

अशी तबकडी हाती असेल तर तिचे पुन्हा 'रूपांतर' करू नये. दर रूपांतरात एमपेग नव्याने काटकसर करतो. आहेत ते अंक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. आणि घरच्या रेकॉर्डरवर भरलेल्या डीव्हीडीच्या बाबतीत आणखी एक शब्द पाहावा लागतो: 'फायनलाइझ'. भरणे संपल्यावर अनुक्रमणिका लिहून तबकडी बंद करण्याची ही क्रिया विसरली असेल, तर इतर यंत्रे तिला कोरी किंवा सदोष समजतात. मजकूर तिच्यावर असतो. पण तो वाचण्यास सहसा तिचे मूळ यंत्रच शोधून काढावे लागते.