रविवार, सकाळचे साडेनऊ



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्याभिषेक हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी सांगणार आहे तो इतिहास अवघ्या एका दिवसाचा. आणि तो दिवस म्हणजे १९८७-८८ मधील नागपुरातील कोणताही एक रविवार.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ पासूनचे. म्हणजे आम्हा नागपूरकरांचा कान केव्हाच तयार झाला होता. डोळ्यांना मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. दिल्लीस दूरदर्शन १९५९ साली आले, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे १५ ऑगस्ट १९८२ पासून उपग्रहाच्या साह्याने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व चित्रांत रंगही आले. आमच्या महालातील वाड्यात पहिला संच आला तो १९८४ साली, घरमालकांकडे. अर्थात कृष्णधवल!

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेस आरंभ झाला आणि रविवारची घडीच बदलली. नऊ वाजताच तर्री-पोह्यांच्या बशा विसळून पालथ्या पडत. मालकांच्या दाराशी वहाणांचा असा ढीग जमे की, परतताना आपला जोड आपल्यालाच मिळेल याची शाश्वती नसे. मुले पुढे जमिनीवर, वृद्ध खुर्च्यांवर आणि आम्ही मधली माणसे उंबरठ्यापाशी उभी. कुणी एक आजीबाई संचास हार घालून उदबत्ती लावीत. बडकस चौकात त्या वेळी चिटपाखरू दिसत नसे. एके रविवारी ऐन रंगात वीज गेली, तेव्हा वाड्यात जो हलकल्लोळ झाला तो वर्णावयास नको.

इतकी गर्दी का लोटत असे? भक्ती होतीच, पण दुसरेही एक कारण होते. तेव्हा आमच्याकडे वाहिनी एकच. लावा वा बंद करा, एवढेच प्रेक्षकाच्या हाती. त्याच दिवशी दुपारी एखादा बंगाली वा मल्याळम चित्रपट लागे, तोही खाली उमटणारी इंग्रजी अक्षरे लावीत आम्ही पाहत असू. त्या निमित्ताने इतर प्रांतांची घरेदारे आम्हांस प्रथम दिसली, हा लाभ काही सामान्य नव्हे. संध्याकाळी हिंदी चित्रपटास पुन्हा तीच गर्दी.

जुन्या मंडळींची तुलना मात्र वेगळी असे. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीने माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ ऐकविले होते. आमच्या वाड्यातील एक वृद्ध म्हणत, “तेव्हाचा राम ज्याचा त्याने मनात पाहिला, आता सगळ्यांना एकच राम दिसतो आहे.” मला त्या वेळी ही कुरकुर वाटली. मालिकेतील कलाकारांच्या तसबिरी लोकांनी देवघरात ठेवल्याचे पाहिले, तेव्हा त्यांचे म्हणणे उमगू लागले.

मी तेव्हा एका शाळेत शिक्षक होतो. सोमवारी पहिल्या तासाला आदल्या दिवशीच्या भागावर प्रश्न विचारण्याचा प्रघात मीच पाडला होता. मुले उड्या मारीत उत्तरे देत. एके सोमवारी इंदोऱ्याकडील एका मुलास मी उभे केले. तो म्हणाला, “गुरुजी, आमच्या घरी ते बघत नाहीत.” मी सर्वांदेखत म्हणालो, “मग रविवारी सकाळी करता तरी काय?” वर्ग हसला. मुलगा बसला नाही. तास संपेपर्यंत उभाच राहिला.

ज्या नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या नगरीतील शिक्षकाला हे ठाऊक नसावे? राम व कृष्ण यांस देव न मानण्याची प्रतिज्ञा त्या बावीस प्रतिज्ञांतच आहे. मौज अशी की, ही मालिका चालू असतानाच, १९८७ साली, महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्याचे संपादक वसंत मून हे आमच्या नागपूरचेच. त्यातील राम-कृष्णांविषयीच्या परिशिष्टावरून १९८८ च्या आरंभी मुंबईत उलटसुलट मोर्चे निघाले. अखेर या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप जोडून तो भाग कायम राहिला.

मालिकेचा संकल्प आरंभी ५२ भागांचा होता, तो ७८ पर्यंत वाढला. ३१ जुलै १९८८ रोजी ती संपली. परंतु त्या सुमारास जालंधर येथील सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकी त्यांचे आदिगुरू. त्यांच्या आश्रमातील लव-कुशांची कथा गाळली जाणार, हे त्यांस मान्य नव्हते. शहरे घाणीने भरू लागली तेव्हा सरकार नमले आणि उत्तरकांडाची निराळी मालिका निघाली. रस्ते झाडणाऱ्यांनी दिल्लीच्या प्रक्षेपणाचा क्रम बदलविला, ही गोष्ट आमच्या वाड्यात कुणी फारशी बोलले नाही.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत हीच मालिका पुन्हा दाखविली गेली. वाडा केव्हाच पडला आहे. मी एकटाच खुर्चीवर बसून दोन भाग पाहिले आणि संच बंद केला.

तो मुलगा मला बऱ्याच वर्षांनी, विजयादशमीस दीक्षाभूमीवर, पुस्तकांच्या एका दुकानापाशी भेटला. त्याने नाव सांगितले तेव्हा मी त्या सोमवारची क्षमा मागितली. “गुरुजी, मला आठवतही नाही,” असे तो म्हणाला. पण तो खरे बोलत नव्हता. त्याने तोच चौथा खंड विकत घेऊन माझ्या हाती दिला. मी तो वाचला. इंग्रजी माझे मॅट्रिकपुरते, म्हणून दोन पावसाळे लागले.