मोबाइल गेम, एडीएचडी आणि मुलांचा राग : पालकांनी काय ओळखावे

डोंगरकड्यासारख्या गावात पालकसभेला एक तक्रार हमखास येते. मुलगा अभ्यासाला दहा मिनिटं बसत नाही, गेमवर मात्र तीन तास हलत नाही. मोबाइल काढून घेतला की ताट फेकतो, दार आपटतो. अम्मी म्हणते नजर लागली, अब्बा म्हणतात लाडानं बिघडला. आम्ही शिक्षकही 'मस्तीखोर' असा शेरा मारून मोकळे होतो. यातल्या काही मुलांमध्ये मूळ कारण एडीएचडी असू शकतं.

एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार आहे. लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, अंगात चुळबूळ असते, विचार करण्याआधीच हात किंवा तोंड चालतं. निदानासाठी ही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. म्हणजे मोबाइलसाठी रडणाऱ्या प्रत्येक पोराला एडीएचडी नसतो. उलट, वर्गात गप्प बसून हरवलेल्या मुलीला तो असू शकतो, आणि ती कुणाला त्रास देत नाही म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

"मोबाइल में तो बराबर ध्यान लगता इसका," असं पालक म्हणतात. फसगत इथेच होते. एडीएचडीत लक्ष मुळीच नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवता येत नाही. गणिताच्या मेहनतीचं फळ परीक्षेत मिळणार, गेममध्ये ते दर काही सेकंदाला मिळतं. गुण, आवाज, रंग, नवी पातळी. शिवाय वर्गात रोज बोलणी खाणारा मुलगा तिथे जिंकतो, टीमला हवासा वाटतो. तो मोबाइल हातातून गेला की त्याचं जिंकणंही जातं.

अशा मुलांना राग, निराशा आवरणं आधीच जड जातं. त्यात रात्री जागून खेळलं की झोप तुटते, सकाळी चिडचिड, शाळेत पुन्हा बोलणी, मग पुन्हा गेम. उदासी, भीती, एकटेपणा यातूनच वाढतो. आधी काय, नंतर काय, हे दर वेळी सांगता येत नाही. दोन्ही एकमेकांना वाढवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डरला आजारांच्या नव्या यादीत घेतलं. ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला जास्त महत्त्व, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी तिची ओळख आहे. निव्वळ तास मोजून निदान होत नाही.

बंदीनेही प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पबजी बंद केला, पोरं फ्री फायरवर गेली. फेब्रुवारी 2022 मध्ये तोही बंद झाला, तर फ्री फायर मॅक्स होताच.

घरात मोबाइल हिसकावू नका. मॅच मध्येच सोडली तर सोबतचे मित्र हरतात, म्हणून भांडण पेटतं. "ही मॅच झाली की बंद" असं आधी ठरवा आणि ते रोज पाळा. रात्री फोन मोठ्यांच्या खोलीत. संध्याकाळी मैदानावर पळू द्या. मारू नका, मारामुळे लक्ष वाढत नाही, खोटं बोलणं वाढतं. दुआ जरूर करा, पण डॉक्टर टाळू नका.

जिल्हा रुग्णालय हिंगोली किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. टेली मानस 14416 हा सरकारी फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो. मूल मरणाची भाषा करत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच द्यावीत. रमजानमध्ये वेळा स्वतः बदलू नका, आधी त्यांना विचारा. जाताना शाळेच्या वह्या, प्रगतीपुस्तक आणि वर्गशिक्षकाचं दोन ओळींचं पत्र सोबत ठेवा. वर्गात मूल कसं वागतं, हे डॉक्टर विचारतातच.