आतली विद्या, बाहेरचा विद्यार्थी

आज आपण दोन अगदी छोट्या चिनी शब्दांपासून सुरुवात करू. 'नेई' म्हणजे आत आणि 'वाई' म्हणजे बाहेर. चिनी युद्धकलांची जी मोठी विभागणी केली जाते ती याच दोन शब्दांवर उभी आहे. ताईची, शिंग-यी आणि बाग्वा या तीन कला 'नेई-जिया', म्हणजे आतल्या घराण्याच्या. शाओलिन आणि तिच्या जवळच्या कला बाहेरच्या. आता गंमत बघा. चीनमध्ये रस्त्यावर परदेशी माणूस दिसला की लोक त्याला 'लाओ-वाई' म्हणतात. त्यातला 'वाई' हाच. म्हणजे ताईची शिकण्यासाठी जो अमेरिकन किंवा युरोपीय तरुण तिकडे जाऊन वर्षानुवर्षं राहतो, तो बाहेरचा असून आतल्या घरात शिरू पाहत असतो. त्याला आत घेतलं जातं का, आणि मुळात ते घर कुणाचं, हा आपला आजचा प्रश्न.

आधी घराबद्दल बोलू. या विद्यार्थ्यांना सांगितली जाणारी गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. वुडांग पर्वतावर झांग सान-फेंग नावाचा ताओ पंथी योगी राहत होता, त्याने साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली आणि त्यातून मऊपणाने कठोराला जिंकणारी विद्या निर्माण केली. गोष्ट सुंदर आहे. पण 'आतली' आणि 'बाहेरची' हा भेद कागदावर स्पष्टपणे दिसतो तो १६६९ साली. हुआंग झोंग-शी या विद्वानाने वांग झेंग-नान नावाच्या योद्ध्यासाठी समाधिलेख लिहिला, त्यात. तिथे झांग सान-फेंगला ही विद्या स्वप्नात देवाकडून मिळते, आणि दुसऱ्या दिवशी तो एकटा शंभरावर दरोडेखोरांना मारतो.

आता हुआंग कोण होता हे पाहिलं पाहिजे. तो पडलेल्या मिंग राजवटीचा निष्ठावंत होता, मांचूंविरुद्ध लढलेला होता. मांचू हे उत्तरेकडून आलेले राज्यकर्ते, म्हणजे बाहेरचे. शाओलिन हा बौद्ध मठ, आणि बौद्ध धर्म चीनला बाहेरून मिळालेला, तोही आपल्या भारतातून. ताओ पंथ मात्र तिथल्याच मातीतला. म्हणून काही इतिहासकार असं वाचन करतात की, इथे 'आतली विद्या' म्हणजे श्वासाची किंवा प्राणशक्तीची विद्या एवढाच अर्थ नाही. 'आतली' म्हणजे 'आमची', परक्यांची नव्हे. हे मान्य केलं तर आपल्या परदेशी विद्यार्थ्याची अडचण लक्षात येते. ज्या शब्दाने तो भारावून गेला आहे, तो शब्दच कदाचित त्याच्यासारख्याला बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला होता.

आणखी एक गोष्ट. त्या समाधिलेखात ताईचीचं नावही नाही. शिंग-यी नाही, बाग्वा नाही. या तिन्ही कला एका कुटुंबात बसवण्याचं काम फार नंतरचं, आणि त्यात मोठा वाटा सुन लू-तांग यांचा. ते तिन्ही कलांचे जाणकार होते आणि १९१५ पासून त्यांची पुस्तकं येऊ लागली. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारी राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली तेव्हा तिचे दोन विभाग केले होते, शाओलिन आणि वुडांग. दोन्हींत इतकी भांडणं झाली की ही विभागणी लवकरच मोडावी लागली. त्याच सुमारास तांग हाओ नावाच्या अभ्यासकाने हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावी जाऊन शोध घेतला. त्यांच्या मते ताईचीचा धागा तिथल्या सतराव्या शतकातल्या चेन वांग-तिंग यांच्यापर्यंत पोचत होता. योग्याशी त्याचा संबंध सापडत नव्हता.

या गावात बाहेरचा माणूस आला होता का? आला होता, आणि त्याच्यामुळेच ताईची जगभर गेली. यांग लू-चान. जन्म १७९९ चा, गाव हेबेई प्रांतातलं योंगनियान. चेन कुळातला नसूनही तो चेन चांग-शिंग यांच्याकडे शिकला. त्याने भिंतीआडून चोरून पाहून विद्या मिळवली अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, पण बाहेरच्याला विद्या सहज मिळत नाही हे लोकांना माहीत होतं म्हणून ती जन्मली. पुढे यांग बीजिंगला गेला आणि मांचू सरदारांच्या घरी शिकवू लागला. म्हणजे ज्यांना हुआंगने परके मानलं होतं, त्यांनाच.

आता थेट १९४९ कडे येऊ. यादवी युद्ध संपलं, राष्ट्रवादी सरकार तैवानला गेलं आणि त्यांच्याबरोबर लाखो लोक. त्यात काही नामवंत वस्ताद होते. चेंग मान-चिंग होते, जन्म १९०२, चित्रकार, कवी, वैद्य, आणि यांग लू-चानचा नातू यांग चेंग-फू यांचे शिष्य. बाग्वा आणि शिंग-यीचे जाणकार वांग शू-चिन होते. तैवानी लोक अशा माणसांना काय म्हणत? 'वाई-शेंग-रेन', म्हणजे बाहेरच्या प्रांताचे लोक. पुन्हा तोच 'वाई'. मुख्य भूमीवरची घरं, शाळा, जुने शिष्य सगळं मागे राहिलं होतं. आम्हाला वाटतं, या पिढीने परदेशी विद्यार्थ्याला दार उघडलं त्याचं एक कारण इथे आहे. विद्या होती, पण ज्यांना ती द्यायची ती माणसं समुद्रापलीकडे होती.

या दारातून आत गेलेल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध रॉबर्ट स्मिथ. हा अमेरिकन १९५९ ते १९६२ तैपेईत होता. नोकरी अमेरिकन गुप्तचर संस्थेत, आणि बाकीचा वेळ वस्तादांच्या शोधात. चेंग यांच्याकडे तो ताईची शिकला. हुंग यी-श्यांग, वांग शू-चिन अशा अनेकांना तो भेटला आणि त्यांच्याबद्दल लिहीत राहिला. चेंग यांच्याबरोबरचं त्याचं ताईचीवरचं पुस्तक १९६७ चं.

स्मिथनंतर आलेले बहुतेक जण अशा नोकरीवर आलेले नव्हते. त्यांचं आयुष्य कसं होतं? भाषाशाळेत नाव घालायचं, म्हणजे राहण्याचा परवाना मिळे. पोटासाठी इंग्रजीच्या शिकवण्या. पहाटे बागेत जायचं आणि उभं राहायचं. हे 'उभं राहणं' शब्दशः घ्या. गुडघे किंचित वाकवून, हात गोल धरून, झाडासारखं, आधी पाच मिनिटं, मग वीस, मग चाळीस. मांड्या थरथरतात, कोणी काही सांगत नाही. चिनी भाषेत याला 'कडू खाणं' म्हणतात. नव्या माणसाला महिनोन्महिने तेच.

मग भाषेची अडचण. शाळेत मँडरिन शिकून आलेल्या विद्यार्थ्याला कळे की तैवानमधले जुने लोक घरी मिन्नान बोलतात आणि जपानी राजवटीत वाढल्यामुळे त्यांना जपानी येतं. आणि मँडरिन आली तरी शब्द पुरत नाहीत. चेंग यांचा एक आवडता शब्द होता, 'सोंग'. सैल सोडणं. पण सैल म्हणजे लुळं नव्हे. ताठरपणा नाही आणि कोसळणंही नाही. शब्दकोशात हा अर्थ मिळत नाही. समोरच्याच्या हाताला हात लावून एकमेकांना ढकलण्याचा जो सराव असतो, त्यात शेकडो वेळा तोल गेल्यावर तो पाठीला आणि कमरेला कळतो.

काही गोष्टी तर विचारायच्याही नसत. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. वांग शू-चिन ज्या यीग्वानदाओ पंथाचे होते, त्यावर १९८७ पर्यंत बंदी होती. गुरूच्या साधनेचा अर्धा भाग असा बंद दाराआड. परदेशी विद्यार्थ्याला हाताची हालचाल दिसे, पण ती कशासाठी हे नेहमी दिसत नसे.

उलट दिशेनेही प्रवास झाला. १९६४ मध्ये चेंग न्यू यॉर्कला गेले आणि चायनाटाउनमध्ये लांब केसांच्या अमेरिकन तरुणांना शिकवू लागले. तिथल्या काही चिनी मंडळींना ते आवडलं नाही. चेंग यांनी शिकवणं थांबवलं नाही. १९७५ मध्ये ते तैवानला वारले.

१९७९ नंतर मुख्य भूमीची दारं हळूहळू उघडली. सांस्कृतिक क्रांतीत ताओ मंदिरांवर जे संकट आलं होतं त्यातून वुडांग सावरू लागलं. १९९४ मध्ये तिथली मंदिरं युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. आज तिथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी शाळा आहेत, महिन्याची फी ठरलेली आहे, आणि भिंतीवर झांग सान-फेंग आहे. हुआंगची कथा आता परक्याला बोलावण्यासाठी वापरली जाते. त्यात फसवणूक आहे असं आम्ही म्हणणार नाही. मंदिरालाही छप्पर शाकारावं लागतं.

मग त्याला आत घेतलं का? काही जणांनी गुरूपुढे गुडघे टेकून, चहाचा पेला देऊन विधिवत शिष्यत्व घेतलं. पण विधीपेक्षा मोठी अट वेळेची असते, आणि परदेशी माणसाचा वेळ परवान्यावर लिहिलेला असतो. तीन वर्षांत परत जाऊन आपल्या शहरात 'मास्टर' म्हणून पाटी लावणारे बरेच झाले. अर्धी विद्या आणि पूर्ण दंतकथा घेऊन. त्यांचं नुकसान त्यांच्या विद्यार्थ्यांनी सोसलं. दुसरीकडे, तैपेईच्या बागेतले अनेक वस्ताद आज आपल्याला माहीत आहेत ते स्मिथसारख्या बाहेरच्या माणसाने वही उघडून लिहून ठेवलं म्हणून. घरातल्या माणसांना लिहून ठेवावंसं वाटत नाही, त्यांना ते रोजचंच असतं.

आम्हाला या इतिहासातून एवढंच दिसतं. योंगनियानहून आलेला यांग, समुद्र ओलांडून आलेले चेंग, आयोवाहून आलेला स्मिथ, तिघेही कुणाच्या ना कुणाच्या लेखी 'वाई' होते, आणि विद्या पुढे गेली ती यांच्याच हातून. घराणं आतलं म्हणवतं, पण त्याचं दार वेळोवेळी बाहेरच्यांसाठीच उघडत आलंय. ज्याला आत जायचंय त्याने दंतकथा तपासून घ्यावी, आणि पहाटे उभं राहावं. एकाने दुसरं टळत नाही.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.